गोचीड, रानातला ताप आणि लस: इंदूरहून भटकंतीला निघणाऱ्यांसाठी

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरी पडून गेल्या की इंदूरच्या मराठी वस्त्यांतून रविवारी पहाटे चोरल, तिंछा, जानापाव, काजलीगढ आणि पाताळपाणीच्या दिशेने गाड्या निघू लागतात. आमच्या गटात दरवर्षी पाच-सहा माणसे आयुष्यात पहिल्यांदाच असे रानात चालायला येतात, आणि त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. धबधब्याला पाणी आले आहे का, आणि गोचीड चावली तर कोणती लस घ्यायची. पहिल्याचे उत्तर आठवड्यागणिक बदलते. दुसऱ्याचे मात्र इतक्या वर्षांत बदललेले नाही: माळव्याच्या रानात गोचिडीमुळे किंवा तिच्या भाऊबंदांमुळे जे ताप येऊ शकतात, त्यांपैकी एकावरही माणसाला टोचून घेता येईल अशी लस आज बाजारात नाही. लस आहे ती दूरदेशच्या एका आजारावर, आणि ती कोणी व केव्हा घ्यावी हे पुढे सविस्तर येईलच. पण इथल्या इथे फिरणाऱ्या माणसाचे संरक्षण हे त्याच्या पायमोज्यांत, घरी परतल्यावरच्या अर्ध्या तासात आणि डॉक्टरांसमोर बोलायच्या एका वाक्यात असते.

आधी ओळख

गोचीड, जिला आपल्या शेजारपाजारी किलनी म्हणतात, ती कीटक नव्हे. तिला आठ पाय असतात आणि ती कोळ्याच्या कुळातली आहे. तिला पंख नसतात, ती उडी मारत नाही, आणि झाडावरून माणसाच्या डोक्यावर पडते ही समजूतही फारशी खरी नाही. ती गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून वाट पाहत बसते, आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांवरून कोणी जवळ आल्याचे तिला कळते. जाता जाता आपली पोटरी त्या पात्याला घासली की ती कपड्याला धरते आणि मग मऊ, दमट, झाकलेली जागा शोधत वर चढते. नवख्या माणसाला मी एकच खूण सांगतो. चालताना पँटला जिथे कुसळे चिकटतात, तिथेच गोचीडही चढते. पायवाटेच्या मधोमध चालणाऱ्याच्या पँटला दोन-चार कुसळे लागतात, फोटोसाठी गवतात शिरणाऱ्याला मूठभर लागतात, आणि गोचिडीचा हिशोबही त्याच प्रमाणात चालतो.

पूर्ण वाढलेली गोचीड मसुरीच्या डाळीएवढी दिसते, रक्त पिऊन फुगली की मटारएवढी होते. पण तिची पिले खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि तीही चावतात. चावताना तिच्या लाळेमुळे ती जागा बधिर होत असल्याने काही कळत नाही, म्हणून «मला काही टोचले नाही» या वाक्याला या बाबतीत अर्थ नाही.

दुसरा किडा याहूनही लहान आहे. स्क्रब टायफस हा ताप गोचिडीमुळे होत नाही. तो माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या सहा पायांच्या पिलामुळे होतो, आणि हे पिलू नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. झुडपी रान, उंच गवत, शेताचे बांध, उंदीर असलेली पडीक जमीन ही त्याची जागा, आणि पावसाळा व त्यानंतरचे दोन-तीन महिने हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचाच. दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर या तापाने सैनिकांना जेरीस आणले होते. मध्य प्रदेशातही तो आढळतो, आणि इंदूरच्या भटक्याने सर्वांत आधी लक्षात ठेवायचा आजार माझ्या मते हाच आहे, बातम्यांतून गाजणारा, गोचिडीतून पसरणारा लाइम नावाचा आजार नव्हे.

महिनाभर आधी: कुठे जायचे आहे ते ठरवा, मग लशीचा विचार करा

मांडू, महेश्वर, चोरल, जानापाव एवढाच बेत असेल तर गोचिडीसाठी लस शोधण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटी केव्हा घेतले ते आठवावे. दहा वर्षे उलटून गेली असतील, किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून टीडीचा, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाच्या लशीचा, डोस घ्यावा, कारण काटा, तार आणि गंजलेले पत्रे हे रानात गोचिडीपेक्षा अधिक भेटतात. वाटेत कुत्रे किंवा माकड चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी. सोमवारी कचेरीतून लवकर निघू आणि मग पाहू, असे करू नये.

कोकणात किंवा कर्नाटकात उतरण्याचा बेत असेल तर माकडतापाची माहिती हवी. इंग्रजीत क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात तो हाच. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडले, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, गोचिडींतून पसरणारा हा विषाणू शोधून काढला. पुढे तो केरळ, तामिळनाडू, गोव्यातले सत्तरी आणि सिंधुदुर्गातले दोडामार्ग इथपर्यंत पोहोचला. त्याचा हंगाम आपल्या पावसाळी भटकंतीच्या उलट, डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणजे नाताळात गोव्याला आणि मे महिन्यात काजूच्या बागेत मामाकडे जाणाऱ्यांचा काळ. या आजारावर लस होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि नंतर वारंवार बूस्टर अशी ती कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली जात असे, पण तिचे संरक्षण अपुरे असल्याचे दिसून आल्यावर 2022 मध्ये ती थांबवण्यात आली. नव्या लशीवर भारतात काम चालू आहे. तोवर त्या भागात अंगाला लावायचे तेल हाच आधार. कर्नाटकात जंगलात जाणाऱ्यांना वाटले जाते ते डेपा तेल, आणि त्यातले डेपा हे रसायन कीटकांना दूर ठेवण्यासाठी विकसित झाले ते आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत, हे इंदूरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. त्या भागात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे आणि वाट बदलावी.

आता त्या दूरदेशच्या लशीकडे वळू. आपल्याकडे कितीतरी घरांतली मुले म्युनिक, स्टुटगार्ट, व्हिएन्ना अशा ठिकाणी स्थिरावली आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. जर्मनीचा दक्षिण भाग, ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, बाल्टिक देश आणि रशिया या पट्ट्यात गोचिडींतून मेंदूज्वर पसरतो, ज्याला जर्मन लोक एफएसएमई म्हणतात. त्यावर खास औषध नाही, पण चांगली लस अनेक दशकांपासून आहे. नेहमीच्या वेळापत्रकात पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने आणि तिसरा त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी असतो. घाई असेल तर दुसरा डोस दोन आठवड्यांनीही देता येतो. पहिला बूस्टर तीन वर्षांनी. भारताच्या नियमित लसीकरणात ही लस नाही, त्यामुळे मुलाला किंवा सुनेला तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलायला सांगावे आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पहिला डोस घ्यावा. इथे तारतम्य हवे. दहा दिवसांत आठ देश बसने पाहणाऱ्या प्रवाशाला या लशीची गरज नाही. पण नातवंडाला घेऊन रोज घरामागच्या जंगलात फिरणार असाल, किंवा एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान बागकाम करणार असाल, तर ती जरूर घ्यावी. या विषाणूला शरीरात शिरायला गोचीड चावल्यावर काही मिनिटे पुरतात, म्हणून संध्याकाळी तपासून काढू, हा उपाय तिथे अर्धाच आहे. कच्च्या, न उकळलेल्या दुधातूनही तो येऊ शकतो. आपल्या घरांत दूध उकळल्याशिवाय पिण्याची पद्धतच नसल्याने त्याची चिंता कमी.

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या बाजूला जाणाऱ्यांनी लाइमची माहिती ठेवावी. माणसांसाठीची एक लस तिथे 1998 मध्ये आली आणि 2002 मध्ये उत्पादकानेच मागे घेतली. गंमत अशी की कुत्र्यांसाठी लाइमची लस तिकडे मिळते. तिथे बचावाची बाब अशी की लाइमचे जंतू पसरायला गोचीड बहुधा दिवसभराहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, त्यामुळे रोज संध्याकाळी अंग तपासणाऱ्याचा धोका खूपच घटतो.

आदल्या रात्री: कपडे आणि मलम

फिकट रंगाची पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्याच्या वर येणारे मोजे आणि बंद बूट एवढे बाजूला काढून ठेवावे. फिकट रंग यासाठी की चढणारी गोचीड त्यावर दिसते. रानात शिरण्यापूर्वी पँटचे पाय मोज्यांत खोवावेत आणि सदरा पँटमध्ये खोचावा. हे सुंदर दिसत नाही. तरुण मंडळी पहिल्या रविवारी हसतात, आणि मी त्यांना हसू देतो.

उघड्या त्वचेवर लावायच्या क्रीम किंवा स्प्रेच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. कीटक दूर ठेवणारी रसायने, म्हणजे डीईईटी 20 ते 30 टक्के किंवा पिकारिडिन 20 टक्के, असतील तर गोचिडीसाठी ते उपयोगी. घरी डासांसाठी वापरतो त्या मलमांत बहुधा एवढी मात्रा नसते. आधी उन्हाचे क्रीम, ते सुकल्यावर हे. डोळे, ओठ, जखमा आणि लहान मुलांचे हात टाळावेत, कारण मुले हात तोंडात घालतात. डीईईटीमुळे प्लास्टिक खराब होते. चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा त्यापासून जपावा. कपड्यांवर मारण्यासाठी परमेथ्रिन या कीटकनाशकाचा 0.5 टक्क्यांचा स्प्रे उत्तम, पण तो कपड्यांवर, घराबाहेर, आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवायचा असतो. औषधाच्या दुकानात परमेथ्रिन मागितले तर बहुधा खरजेची 5 टक्क्यांची ट्यूब हाती येते. ती रोगासाठी आहे, गोचीड पळवण्यासाठी नव्हे. घरात मांजर असेल तर ओला स्प्रे तिच्या आसपासही नको, तिला तो विषासारखा आहे.

रानात

वाटेच्या मधून चालावे, आणि बसायचेच असेल तर गवतापेक्षा उघडा कातळ निवडावा. सर्वांत मोठी चूक चालताना होत नाही, दाल-बाफल्याच्या वेळी होते. सावली हवी म्हणून मंडळी ज्या झाडाखाली सतरंजी पसरतात, त्याच झाडाखाली दुपारी गावची गुरे बसतात, आणि गुरांच्या अंगावरच्या गोचिडी त्याच मातीत उतरलेल्या असतात. शेणाच्या वाळलेल्या पोवट्या दिसल्या की ती जागा सोडावी. गाई-बैलांच्या अंगावरची गोचीड हौसेने नखाने चिरडू नये. 2011 मध्ये अहमदाबादजवळ सानंद तालुक्यात उद्भवलेला क्रिमियन-काँगो ताप गोचिडीच्या चाव्यातून, ती हाताने चिरडल्याने आणि बाधित जनावराच्या रक्तातूनही माणसात येतो, आणि गुजरात आपल्यापासून दूर नाही.

परतल्यावरचा अर्धा तास

हा अर्धा तास या सगळ्या लेखापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच टाळला जातो, कारण माणूस दमलेला असतो, भूक लागलेली असते आणि सोफा समोर असतो. सोफ्यावर बसू नये. दारातच बूट काढावेत, कुसळे वेचावीत, आणि वेचता वेचता कापडाच्या शिवणी व मोज्यांच्या कडा पाहाव्यात. कपडे पलंगावर न टाकता गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि कडकडीत गरम पाण्यात धुवावेत. थंड पाण्याच्या धुलाईतून गोचीड सहज जिवंत निघते. दोन तासांच्या आत साबण लावून, अंग खसखसून अंघोळ करावी. स्क्रब टायफसची न दिसणारी पिले चावायला जागा शोधत असतानाच धुऊन निघावीत, हा अंघोळीचा आणखी एक लाभ.

अंघोळीनंतर उजेडात आरशासमोर उभे राहून क्रमाने पाहावे: कानांमागे आणि कानांच्या घड्यांत, केसांच्या मुळांशी, काखेत, बेंबीत, कंबरेला जिथे नाडी किंवा इलॅस्टिक बसते तिथे, जांघेत, गुडघ्यांमागे, पायांच्या बोटांमध्ये. पाठ घरातल्या कोणी पाहावी, मुलांचे सगळे अंग आईने किंवा आजीने पाहावे. दोन वर्षांपूर्वी चोरलहून परतल्यावर माझ्या भाचीच्या गुडघ्यामागे तीळ दिसला. तिची आजी म्हणाली, «हिला इथे तीळ नव्हता.» मी चष्मा लावून वाकलो, मोबाइलचा उजेड टाकला, तेव्हा त्या तिळाला पाय होते, आणि ते संथपणे हलत होते.

गोचीड काढण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. भुवयांचा रुंद टोकाचा चिमटा तिला चेपतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानातून एक टोकदार चिमटा आणून पाकिटात ठेवलेला बरा. त्वचेला अगदी लागून, तिच्या पोटाला नव्हे तर तोंडाजवळ पकडावे, आणि झटका न देता, पीळ न देता, सरळ वर संथ दाबाने ओढावे. त्वचा तंबूसारखी वर उचलली जाते, क्षणभर थांबल्यासारखे वाटते, आणि मग ती सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने खणत बसू नये, त्वचाच तो काही दिवसांत बाहेर टाकते. जागा साबणाने धुवावी, स्पिरिट लावावे, हात धुवावेत.

रॉकेल, जळती उदबत्ती, मीठ, तंबाखूचे पाणी, नेलपॉलिश यांपैकी काहीही करू नये. आमच्या आजीच्या काळापासून हे उपाय चालत आले आहेत आणि ते गुरांवर पाहूनच माणसांवर आले असावेत. पण छळलेली गोचीड सुटण्याआधी पोटातला द्रव जखमेत ओकू शकते, म्हणजे ज्याची भीती होती तेच आपण घडवून आणतो. निघालेली गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी बंद करावी, वर तारीख आणि ठिकाण लिहावे, एक छायाचित्र काढून ठेवावे.

घरचा कुत्रा बरोबर आला असेल तर त्याचीही तपासणी त्याच संध्याकाळी: कान, मान, पंजांच्या बोटांमध्ये. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून इंडियन टिक टायफस माणसाला होऊ शकतो, आणि त्यात तापाबरोबर तळहात-तळपायांवरही पुरळ येते. कुत्र्याला महिन्याचे थेंब किंवा गोळी पशुवैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवावी.

पुढचे तीन-चार आठवडे

चाव्यानंतर लगेच प्रतिजैविक घेण्याची आपल्याकडे गरज नसते. लक्ष ठेवण्याची असते. माकडताप साधारण आठवड्याभरात दिसतो, स्क्रब टायफस 6 ते 21 दिवसांत, आणि लाइमचे पसरत जाणारे लाल वर्तुळ 3 ते 30 दिवसांत. म्हणून महिनाभरात ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी किंवा पुरळ आले तर डॉक्टरांकडे जाऊन पहिले वाक्य हे म्हणावे: «मी अमुक तारखेला अमुक रानात गेलो होतो.»

हे वाक्य न बोलल्याने काय होते ते आमच्या गटाने पाहिले आहे. एका सप्टेंबरात गटातले एक गृहस्थ परतल्यानंतर अकराव्या दिवशी तापाने पडले. मलेरिया नाही, डेंगू नाही, टायफॉइडसाठीची विडाल चाचणी थोडीशी वाढलेली, म्हणून त्यांना एका रुग्णालयात टायफॉइड ठरवून शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले. सहा दिवस ताप 103 च्या खाली येईना, आणि जंगलाविषयी त्यांना कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. सातव्या दिवशी रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरने पायजम्याची नाडी सैल करून कंबर पाहिली. तिथे बिडीचा चटका बसावा तशी, मधे काळी खपली आणि भोवती लालसर कडा असलेली, मुळीच न दुखणारी जखम होती. स्क्रब टायफसची ही खूण प्रत्येकाला उमटत नाही, पण उमटली तर ती जवळजवळ निदानच असते. औषध बदलून डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ते उठून पोहे मागत होते. टायफॉइडसाठी नेहमी दिली जाणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे या जंतूवर चालत नाहीत. उपचार लांबला तर फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत प्रकरण जाते. रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीएम तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना संशय असेल तर ते अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. हे औषध स्वस्त आहे म्हणून घरच्या डब्यातून स्वतः सुरू करू नये. गरोदर स्त्रियांना बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले जाते. श्वास लागणे, गुंगी, मान ताठणे किंवा कुठूनही रक्तस्राव असेल तर रात्र न काढता त्याच क्षणी रुग्णालयात जावे.

महिना सुखरूप गेला की ती तारीख लिहिलेली चिकटपट्टी फेकून द्यावी. भाचीची पट्टी तिच्या आजीने देवघराच्या खणात ठेवली होती आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिची कोणालाच आठवण झाली नाही.